कारणाचा रकाना

१२ जानेवारी

तीर्थरूप मामा,

नमस्कार. दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरलीय, तेव्हा अर्धाच वाकले असं समज.

तुझ्या जिल्ह्याने आमच्या कचेरीत नाव काढलंय! दोन महिने खपून आम्ही एक नकाशा पुरा केला. कॅन्सरने कुठल्या जिल्ह्यात किती माणसं जातात, त्याचा. जास्त जातात तिथे गडद तांबडा रंग, कमी तिथे फिका. आणि आपला जिल्हा, मामा, धुतल्या चादरीसारखा पांढरा. वीस वर्षांत तीन मृत्यू. शेजारच्या जिल्ह्यात साडेचारशे! आमच्या मुख्य बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हे रजिस्टर लिहितं कोण?" म्हणाल्या. मी म्हटलं, "माझा मामा, अख्ख्या जिल्ह्याचं एकटाच." दुसऱ्या कुणाचं असतं तर मीच आधी शंका घेतली असती. पण सव्वीस वर्षांत तुझ्या मृत्यूनोंदणीत एक खाडाखोड नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. तसं ठणकावून सांगितलं, तेव्हा बाईंनी आकडा तसाच ठेवला.

नकाशा कशाला, तेही सांगते, नाहीतर म्हणशील बसलेत कागदी घोडे नाचवत. कॅन्सरच्या गाठीला किरणांचा शेक देतात, ती मशिनं देशात सहाच आहेत. सहाही तीन मोठ्या शहरांत, सरकारी दवाखान्यांत. माझ्या घरापासून चालत सात मिनिटं, तुमच्याकडून बसने अकरा तास. शेक रोज घ्यावा लागतो, पाच-सहा आठवडे. अकरा तासांवरचा माणूस येत नाही, आला तर टिकत नाही. मग एकाच आजाराने शहरातला जगतो आणि लांबचा मरतो. हा फरक कमी करायचा, एवढंच आमचं काम. बाईंनी भांडून दोन नवी मशिनं मिळवलीत. ती कुठे बसवायची ते सप्टेंबरात समिती या नकाशावरून ठरवणार.

मला मात्र बाईंनी वेगळंच काम लावलंय. तुमच्या जिल्ह्याच्या तब्येतीचं रहस्य शोधून काढ म्हणतात. तेव्हा बोल, तुमच्या पाण्यात आहे तरी काय?

फोनवर मामी तुला तोंड उघडू देत नाही, म्हणून हे पत्र. तेही कचेरीच्या पत्त्यावर. तिला नमस्कार सांग.

तुझी
आकडेबाई

२७ जानेवारी

चि. आकडेबाई,

आशीर्वाद. कंबर धरली असेल तर खुर्ची बदल. सरकारी खुर्च्या माणसाला मोडायलाच बनवलेल्या असतात, माझीही तशीच आहे.

आमच्या पाण्यात काय आहे म्हणतेस, तर गाळ आहे. तब्येतीचं रहस्य म्हणशील तर आमच्या लोकांना आजारी पडायला रजा मिळत नाही, म्हणून ते पडत नाहीत. हे तुझ्या अहवालात घाल आणि खाली माझी सही कर.

रजिस्टरचं कौतुक झालं, बरं वाटलं. खाडाखोड नाही, हे अगदी खरं. आपलं टेबल अजून त्याच खिडकीशी आहे. एक पाय आखूड म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी. समोर बाक. लोक येतात, बाकावर टेकतात, गेलेल्याचं नाव, वय, धंदा सांगतात. शेवटी कारणाचा रकाना येतो. तो भरून होईपर्यंत कोणी उठत नाही. आता निवृत्तीला वर्ष राहिलं.

एक कारकुनी शंका. पांढऱ्या जिल्ह्याला मशीन मिळायचं नाही, हे समजलं. पण पांढरा असण्याचा आणखी काही तोटा असतो का? म्हणजे उद्या इथल्या कोणाला तुमच्याकडच्या दवाखान्यात पाठवायचं झालं तर? सहज विचारतोय.

तुझी मामी ठीक. शाळेच्या गणवेशांचा हंगाम आहे, दिवसभर शिवणयंत्र चालू. उजवा हात जरा सुजलाय, चाक डाव्या हाताने फिरवते. मी म्हटलं दाखवून ये, तर म्हणते, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" तिच्यापुढे माझं काय चालतंय!

तुझा
मामा

८ फेब्रुवारी

मामा,

तुझ्या कारकुनी शंकेचं उत्तर: होतो तोटा. मोठ्या दवाखान्यात शेकासाठी येणाऱ्यांचे नंबरही याच आकड्यांवरून वाटलेले असतात. शेजारच्या जिल्ह्याला वर्षाला ऐंशी, तुमच्या जिल्ह्याला दोन. पण तुम्हाला दोन तरी कशाला हवेत? वीस वर्षांत तीन माणसं, म्हणजे सदतीस नंबर वाया गेले असं बाई म्हणतात. हसू नकोस, त्या हे मनापासून म्हणतात.

तुमच्या पाण्याचा आणि मातीचा नमुना घ्यायला एक पथक पाठवायचं घाटतंय. तू त्यांना चहा पाज, त्यांच्याशी गप्पा मारू नकोस.

मामीच्या हाताचं ऐकून राग आला. तिचा नव्हे, तुझा. चाळीस वर्षं पायाने पट्टा आणि हाताने चाक, हात सुजणार नाही तर काय होईल? शिवणयंत्राला लावायची विजेची मोटर पाठवतेय. पावलाने नुसतं दाबायचं, हाताला काम नाही. जोडायची कशी ते चित्र आत आहे. तिला म्हणावं, आकडेबाईकडून भेट आहे, नाही म्हणायचं नाही.

तुझी
आ.

१५ मार्च

चि. आकडेबाई,

आशीर्वाद. मोटर पोचली. मी आणि टपालवाला, दोघांनी मिळून जोडली, म्हणजे त्याने जोडली आणि मी चित्र धरलं. तुझ्या मामीने पाऊल ठेवलं मात्र, यंत्र असं सुटलं की शर्टाची बाही थेट कॉलरला शिवली गेली. पोट धरून हसलो आम्ही. हसता हसता ती रडायला लागली. टपालवाल्याला वाटलं, आनंदाने. त्याला दारापर्यंत पोचवून मी आत आलो, तर ती पलंगावर बसली होती. म्हणाली, "त्या पोरीने एवढ्या लांबून मोटर पाठवली हो. आणि हे हाताचं नाहीच आहे."

गाठ आहे. उजव्या छातीत. दीड वर्षापासून. काखेत उतरलीय, म्हणून हात सुजतो. दीड वर्ष एका खोलीत झोपतो आम्ही, आणि मला पत्ता नाही. मला म्हणजे कुणाला, तर ज्याला गावातल्या प्रत्येक घरचं माहीत असतं, त्याला.

आमचा डॉक्टर तुला आठवत असेल, दोन खोल्यांचा दवाखाना, सगळ्यावर एकच पांढरं मलम. त्याने मात्र या वेळी हात लावल्या लावल्या सांगितलं. इथे तुकडा काढून तपासून आणलाय. तीन आठवड्यांनी कापतील जिल्ह्याच्या दवाखान्यात, तेवढं येतं त्यांना. पुढे शेक लगेच हवा, उशीर झाला तर कापल्याचा उपयोग नाही म्हणतो.

तू लिहिलं होतंस, आम्हाला वर्षाला दोन नंबर असतात. त्यातला एक दे.

मामा

२४ मार्च

मामा,

चार दिवस दवाखान्यातल्या नंबरांच्या खिडकीपुढे उभी होते. या वर्षाचे तुमचे दोन्ही नंबर जानेवारीतच गेलेत, एक गावच्या पाणीवाल्याच्या बहिणीला, एक कोणा शिक्षकाला. तुमच्या जिल्ह्यातून आणखी एकतीस अर्ज पडून आहेत. पुढे शिल्लक जागांतून जो नंबर मिळतो, तो मामीला नोव्हेंबरात मिळालाय. नोव्हेंबर, मामा! मी त्या माणसाशी भांडले. त्याने शांतपणे नंबरवाटपाचा तक्ता पुढे सरकवला. तक्ता आमचा होता. खाली तयार करणाऱ्याची सही माझी.

मामीला इकडे आणून ठेव. काय सांगावं, एखादी जागा मधेच सुटेल.

आता मला सांग. हे एकतीस अर्ज कुठून आले? तुमच्या डॉक्टरांना फोन केला होता. म्हणाले, दर वर्षी आठ-दहा जणांना मी स्वतः सांगतो की गाठ आहे, शहरात जा. बरेचसे जात नाहीत, गेलेले परत येतात, आणि घरीच दगावतात. मग तुझ्या रजिस्टरात वीस वर्षांत तीन कसे?

मी हिशेब चारदा करून पाहिला. माझं काही चुकत असेल तर सांग.

आ.

५ एप्रिल

चि. आकडेबाई,

तुझं काही चुकत नाही.

मी नोकरीला लागलो त्या वर्षी एक सुतार आला होता, बायको गेली म्हणून नोंद करायला. शहरातले कागद पिशवीत होते, ते त्याने बाहेर काढले नि परत आत ठेवले. रकाना आला तेव्हा म्हणाला, "साहेब, तेवढं ते नाव लिहू नका. तीन मुली आहेत घरात." तुला शहरात राहून कळायचं नाही, पण इथे त्या आजाराचं नाव घराला चिकटतं. त्या घरच्या मुली करत नाहीत, त्यांच्या हातचं पाणी पीत नाहीत. घरीच वारलेल्याचं कारण घरचे सांगतील ते लिहायचं, असा नियमच आहे. मी लिहिलं, 'हृदयक्रिया बंद पडून'. आणि ते खोटं थोडंच होतं? हृदय बंद पडल्याशिवाय गेलाय कोण आजपर्यंत?

मग ते पसरलं. कोणी मागून घेत नसे, आभारही मानत नसे. बाकावर बसून नुसतं रकान्याकडे बघायचे. मी लिहायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलींची लग्नं झाली, घरं सुखाने नांदली, आणि मला वाटायचं, पगार सरकार देतं पण खरं काम मी हे करतो. तुझ्या नकाशातले ते तिघे परगावचे होते. एक ट्रकवाला, एक फिरता कल्हईवाला, आणि एक बाई, कुठली ते कळलंच नाही. त्यांच्या मागे रकान्याकडे बघणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांचं खरं लिहिलं.

माझ्या रकान्यावरून कुठे मशिनं बसतात, नंबर वाटतात, हे तुझं पहिलं पत्र येईपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. मला वाटायचं, रजिस्टर भरलं की कपाटात जातं.

तुझी मामी दीड वर्ष का गप्प राहिली, विचारलं मी. म्हणाली, "तुम्ही सगळ्या गावाचं झाकलंत. मला वाटलं, हे झाकायचंच असतं."

सोबत यादी आहे. दोनशे चौदा जण, तारीख, वय आणि रजिस्टरच्या पानासकट. रजिस्टर न उघडता लिहिली. विसरता आली असती तर बरं झालं असतं. ही समितीपुढे ठेव. सप्टेंबरला अजून पाच महिने आहेत, आणि नंबर दोनाऐवजी बारा झाले तर तुझ्या मामीला नोव्हेंबरपर्यंत थांबायला नको.

यादी शेवटपर्यंत वाच. एक गोष्ट अशी आहे की ती पत्रात लिहायला माझा हात चालत नाही.

मामा

१९ एप्रिल

मामा,

ओळ त्रेपन्न. माझी आई.

मी एकोणीस वर्षांची होते. परीक्षा संपवून घरी आले तर तुम्ही स्टँडवर उभे होतात आणि म्हणालात, हृदय बंद पडलं, क्षणात गेली, त्रास झाला नाही. क्षणात! यादीत तुम्हीच लिहिलंय, 'आठ महिने अंथरुणावर'. आठ महिने ती मला पत्रं लिहीत होती. शेवटची दोन तुमच्या अक्षरात होती. तेव्हा म्हणालात, तिचा चष्मा फुटलाय.

दर वर्षी तपासणीच्या फॉर्मवर प्रश्न असतो, कुटुंबात कोणाला कॅन्सर होता का? एकोणीस वर्षं मी 'नाही' लिहिलं. लोकांपुढे उभी राहून व्याख्यानं देते की खरा इतिहास सांगा, तुमचा जीव वाचेल. परवा पहिल्यांदा 'हो' लिहिलं. लगेच तपासणीच्या मशीनखाली घेतलं, तासाभरात निकाल दिला. सध्या काही नाही. सगळं सकाळच्या चहाच्या सुट्टीत आटपलं, कारण मी सात मिनिटांवर राहते. तिथून कचेरीत परत येताना मामी डोळ्यांपुढून हलेना.

यादी मी अजून दिलेली नाही. दिली तर चौकशी होईल, तुम्हाला निलंबित करतील, निवृत्तीच्या तोंडावर. नाही दिली तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच सांगा काय करू. मला आत्ता तुमच्यासाठी काही ठरवायची इच्छा नाही.

२७ एप्रिल

चि. आकडेबाई,

अख्ख्या पत्रात 'तुम्ही' म्हणालीस. तू बोलायला लागलीस तेव्हापासून मला कधी 'तुम्ही' म्हणाली नव्हतीस. दिवसभर तो एक शब्द वाचत होतो, बाकीचं मग संध्याकाळी वाचलं.

ताईने स्वतः सांगितलं होतं. खूप आधी, शुद्धीत असताना. "पोरीची परीक्षा होऊ दे, आणि रकान्यात ते लिहू नकोस, तिला स्थळं यायची नाहीत." स्थळं पुष्कळ आली, तू एकेकाला गणितात नापास केलंस ते सोड. मी तिचा धाकटा भाऊ. तिने सांगावं आणि मी ऐकावं, एवढंच आमचं होतं. तिला वेळेवर शहरात न्यायला हवं होतं. ते मी केलं नाही, कारण नेलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. तुझ्याकडे क्षमा मागायची माझी लायकी नाही, म्हणून मागत नाही.

यादी दे. निलंबित करतील तर करू देत. तुझ्या मामीला विचारलं, तर म्हणाली, "द्या म्हणावं, एरवी तुमची निवृत्तीची मिरवणूक निघणार होती की काय?" कापणं झालंय तिचं. टाके निघाले आणि लगेच यंत्रावर बसली, साठ गणवेश राहिलेत म्हणते. तुझ्याकडे यायला तयार नाही. वाटच बघायची तर माझ्या घरात बसून बघते, म्हणते.

हो म्हण, नाही म्हण, पण 'तू' म्हण.

मामा

२० सप्टेंबर

मामा,

तू.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. पण पुढचं माझ्याकडूनच तुला कळलं पाहिजे, सरकारी पाकिटातून नको.

यादी मी मे महिन्यात दिली. जुलैत चौकशीला आलेल्या माणसाला तू सगळं कबूल केलंस. समितीचं म्हणणं असं: यादीतल्या एकाही नावाला कागद नाही. डॉक्टरांकडे जुनी नोंद नाही, आणि घरच्यांना विचारलं तर 'हृदयच होतं' म्हणतात. दोनशे चौदापैकी फक्त दोन घरांनी खरं सांगितलं. त्यामुळे यादी धरता येत नाही. पण रजिस्टर खोटं आहे असं तुझ्या सहीचं कबुलीपत्र मात्र धरता येतं. म्हणून तुमच्या जिल्ह्याचा वीस वर्षांचा सगळा हिशेब रद्द. आता नकाशावर तो पांढराही नाही. तिरप्या रेघा मारल्यात, खाली लिहिलंय 'माहिती उपलब्ध नाही'. ज्या जिल्ह्याची माहितीच नाही त्याला पुढच्या वर्षी नंबरही नाहीत. मामीचा नोव्हेंबरचा तेवढा राहिलाय.

आणि शेजारचा जिल्हा, तो गडद तांबडा. त्याला मशीन मिळेल याची मला खात्री होती. पण एका मशीनला लागतात तेवढी माणसं त्या एकट्या जिल्ह्यात भरत नाहीत. दोन जिल्हे मिळून भरली असती. दोन्ही मशिनं शहरांलगतच्या जिल्ह्यांना गेली. तिथली रजिस्टरं चोख आहेत.

मी तुझी नोकरी घालवली आणि त्याच्या बदल्यात काहीच आणलं नाही. बाई म्हणाल्या, "तू योग्य तेच केलंस." मी घरी येऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले.

नोव्हेंबरात मामीला घेऊन ये. खिडकीशी तिची खाट लावलीय.

आकडेबाई

४ जानेवारी

चि. आकडेबाई,

आशीर्वाद. तू इथून परत गेल्यावर घर फार मोठं झालंय. आपलं सगळं फोनवर आणि समोरासमोर बोलून झालं, तरी काही राहिलंय ते लिहितो.

तुझ्याकडून नोव्हेंबरात निघालो तेव्हा बसमध्ये ती तुझ्या त्या डॉक्टरीणबाईची नक्कल करत होती. "जरा आधी आला असतात तर." आधीच तर मागत होतो, बाई! हाडांत उतरलंय, आता शेक देऊन उपयोग नाही, दुखणं कमी व्हायला एक दिवस देते, असं म्हणाली ना ती. त्या एका दिवसाच्या शेकाने तिला नऊ रात्री शांत झोप लागली. ते मशीन चांगलं आहे गं. मी अकरा तास तेवढंच म्हणत होतो.

एकवीस डिसेंबरला ती गेली, आणि तेराव्या दिवसाला आपण... की चौदाव्या? मोजायचं मी सोडून दिलंय.

नोंद करायला गेलो. माझ्या टेबलाशी आता एक कारकून बाई बसते, पोक्त, हसतमुख, टेबलाखालचा पुठ्ठा बदललाय तिने. मी बाकावर बसलो. त्या बाकावर मी सव्वीस वर्षांत कधी बसलो नव्हतो, फार गार असतो. नाव सांगितलं, वय सांगितलं, धंदा शिवणकाम. मग कारण. मी म्हटलं, "स्तनाचा कॅन्सर." बाईचं पेन थांबलं. मागे पाच-सहा माणसं होती. बाई पुढे वाकून म्हणाली, "काका, हळू बोला." मी पुन्हा मोठ्याने सांगितलं. समोर बसून लिहून घेतलं आणि वाचून पाहिलं.

तुझ्या मामीनेच सांगितलं होतं तसं. "माझं खरं लिहा. आता आपल्या घरात कुणाचं लग्न राहिलंय?"

तुमचं वर्षाचं पुस्तक निघतं ना, जिल्हावार मृत्यूंचं? त्यात यंदा आपल्या जिल्ह्यापुढे कॅन्सरच्या रकान्यात एक आकडा येईल. एक. ते पान आलं की कापून मला पाठव. भिंतीवर तिचा फोटो लावलाय, त्याखाली लावीन म्हणतो.

मामा

२२ एप्रिल

मामा,

पुस्तक येऊन तीन आठवडे झाले. तुला पाठवलं नाही, कारण ते पान तुझ्या हातात पडावं असं मला वाटेना. पण आपण दोघांनी झाकाझाकी पुष्कळ केली, आता नको.

त्या रकान्यात आकडा नाही. फुली आहे.

पाचाच्या आतला आकडा आम्ही छापत नाही. लहान जागी एक-दोनच माणसं असली की लोक ताबडतोब ओळखतात ती कोण, आणि घरच्यांना त्रास होतो. म्हणून तिथे फुली टाकायची, आणि बेरजेतही ती धरायची नाही. नियम चांगल्या मनाने केलेला आहे. तीन वर्षांपूर्वी त्याचा मसुदा लिहिला तो मी. छपाईला जाण्याआधी याद्या तपासून फुल्या टाकायचं कामही माझंच. तुमच्या ओळीवर आले, एक दिसला, ती मामी आहे हे मला ठाऊक होतं, आणि मी फुली टाकली.

बाईंकडे गेले होते. म्हटलं, घरचेच छापा म्हणतायत. त्या म्हणाल्या, "एकाला वगळलं तर नियम राहील का?" त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

गेल्या वर्षात तुमच्या जिल्ह्यात हृदयक्रिया बंद पडून एकशे सहा जण गेलेत.

आकडेबाई

३ मे

चि. आकडेबाई,

आशीर्वाद. तू फुली टाकलीस यात तुझा दोष नाही. तुझ्या मामीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "शेवटी मामावर गेली पोर." तुझं पत्र वाचून मी खरंच हसलो.

म्हणजे पाच लागतात, एका वर्षात. तर मी आता घरोघर जातो. आजारी कोण आहे ते मला कोणी सांगावं लागत नाही, चालण्यावरून कळतं. सध्या चार घरं आहेत. टपाल कचेरीत शिक्के मारतो तो, त्याच्या घशात आहे. पंपावरची बाई. शाळेचा जुना मुख्याध्यापक. आणि बाजारातली केस कापणारी. जाऊन बसतो, इकडचं तिकडचं बोलतो, आणि मग विचारतो, वेळ आली तर रकान्यात खरं लिहू द्याल का? जिवंत माणसाच्या तोंडावर हे विचारायचं म्हणजे काय असतं, तुला लिहून सांगता यायचं नाही. शिक्केवाल्याच्या भावाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. मुख्याध्यापकांनी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं. पंपावरची बाई विचार करते म्हणाली.

घरी येताना मनात आलं, चौघंही याच वर्षात जायला हवीत, वर पाचवं कोणीतरी हवं, एखादा जानेवारीपर्यंत टिकला तर पुन्हा फुली. असं माझ्या मनात आलं, आकडेबाई. रस्त्यातच थांबलो. माझी मलाच किळस आली.

काल केस कापणारीकडे गेलो. तिने खुर्चीत बसवून माझे केस कापले, मधे दोनदा स्टुलावर टेकली, तरी छान कापले. कापता कापता म्हणाली, "लिहा माझं खरं. पण काका, माझं खरं लिहिलं तर माझ्या मुलीच्या वेळेपर्यंत इथे मशीन येईल का?"

मी हो म्हणालो.

येईल ना?

मामा